गुरुवारचा कोरा रस्सा

नागपुरात दुपारी मासोळी-भात विकायचा असेल तर स्वयंपाक नंतर, आधी वार पाठ करावे लागतात. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा, काहींचा गणपतीचा. गुरुवार गुरूचा. शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार आणि शुक्रवार. रविवारी सगळे खातात, पण रविवारी कचेऱ्या बंद, आणि आमचं दुकान तर कचेरीतल्या माणसांसाठी. म्हणजे आठवड्यातून धड दोन दिवस मासोळी खपणार, आणि आम्ही बसलो होतो मासोळी-भाताचं दुकान टाकून. उघडायच्या आदल्या दिवशी यजमानांनी हे सगळं बोटांवर मोजलं आणि मला म्हणाले, "यमुने, आपण येडे तर नाही?" मी म्हटलं, "आहोतच. पण आता बोर्ड रंगवून झाला."

आम्ही तांडापेठेतले कोष्टी. सासऱ्यांच्या काळात घरात हातमाग चालत, नऊवारी लुगडी निघत. मग गिरणीच्या कापडानं आणि विजेच्या मागांनी आमचे माग बंद पाडले. सत्तर साल उलटून गेलं होतं. हाताला दुसरं काय येतं, असा विचार केला तर घरचा मसाला सोडून काही आठवेना. आम्हा विणकरांच्या घरच्या या झणझणीत स्वयंपाकाला नागपुरात सावजी म्हणतात. सावजी भोजनालयं तेव्हाही होती, आमच्याच नात्यागोत्यातली, पण ती सगळी संध्याकाळची. तिथे पुरुष यायचे, बहुतेक जण येण्याआधी कुठेतरी घोट घेऊनच यायचे, आणि तिखट असं की कानातून धूर निघावा. मला वाटलं, हेच जेवण दुपारी का नाही? तिखट जरा बेतानं, भाकरीच्या जागी भात, आणि किंमत अशी की कारकुनानं महिनाअखेरीलाही यावं. नातेवाईक हसले. कोणी म्हणालं, कोष्ट्याची सून कचेरीवाल्यांना जेवू घालणार. मी म्हटलं, घालणारच.

प्रताप नगरात तेव्हा नवे प्लॉट पडत होते. एका प्लॉटवर घर, शेजारच्यावर बाभळी, असं सगळं. आसपास दोन-तीन सरकारी कचेऱ्या, शाळा आणि टेलिफोनचं केंद्र होतं. पाठक गुरुजी म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या घराची खालची पुढली खोली, ओटा आणि मागची राहायची जागा आम्हाला मिळाली. गुरुजी आणि काकू वर राहत. आम्ही खाली चौघं, म्हणजे यजमान, मी, आमची मुलगी आणि माझी सासू. सासूला मी नवऱ्यासारखंच माय म्हणायची.

आता धंद्याचं थोडं सांगते. कारकुनाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात पायी येणं, हात धुणं, जेवणं, पान लावणं आणि साहेबाच्या आधी खुर्चीत जाऊन बसणं, एवढं सगळं. तिथे आज काय-काय आहे हे सांगत बसलात तर गिऱ्हाईक उपाशी जाईल. म्हणून आमच्याकडे एक दिवस, एकच जेवण. बुधवारी आणि शुक्रवारी मासोळी-भात. बाकीच्या दिवशी पाटवडी-भात, म्हणजे बेसन शिजवून ताटात थापायचं, त्याच्या वड्या कापायच्या आणि त्याच मसाल्याच्या रश्श्यात वाढायच्या. आज काय आहे, असं कोणी विचारलं तर मी त्याला उलट वार विचारायची. वाराच्या दिवसांची भांडी वेगळी ठेवलेली, त्यांच्या कड्यांना पांढरं सूत बांधलेलं.

वाढायची घाई आम्हाला कोणी शिकवली नाही. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला खळ लावतात, त्याला पाजणी म्हणतात. तांडापेठेत हे काम भल्या पहाटे रस्त्यावर चालायचं. लांबच लांब ताणा पसरलेला, दोन्ही बाजूंनी माणसं कुंचा घेऊन चालतात. मध्येच थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, नाहीतर सूत वाळून तुटतं. वाढताना आम्ही तसेच चालत असू. पुढे यजमान भाताची परात घेऊन, मागे मी रस्सा घेऊन. ओळीच्या या टोकाला शिरलो की त्या टोकालाच निघायचं. भात मागणाऱ्यानं आम्ही जवळ असतानाच मागावा. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकं चिडली, दुसऱ्या आठवड्यात शिकली.

स्वस्त कसं परवडायचं, तर मौद्याहून एक ढिवर, म्हणजे मासेमार, पहिल्या बसनं कन्हान नदीची मासोळी आणायचा. मोठी मरळ आली तर त्या दिवशी आमची चांदी, नाहीतर बारकी मासोळी. बारकी स्वस्त असते आणि रश्श्याला चव तिचीच जास्त. हे धंद्यात असताना गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, आता सांगायला हरकत नाही.

चवीची खरी मालकीण मात्र माय. साठी उलटलेली, हाडं काटकुळी, पण पाट्यावर बसली की वरवंटा तिचं ऐकायचा. मासोळीचा रस्सा तीच करायची. तिची एक पद्धत होती. मागावरचं लुगडं विणून झालं की विणकर जुन्या ताण्याची टोकं काढून टाकत नाही. ती तशीच ठेवतो आणि नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्या टोकाला पिळून जोडतो. याला सांधणी म्हणतात, आणि उभ्या तांडापेठेत मायसारखी सांधणी कोणाची नव्हती. तर ती रस्साही तसाच सांधायची. बुधवारच्या रश्श्यावरचं लाल तेल, म्हणजे तर्री, वाटीभर काढून बरणीत ठेवायची आणि शुक्रवारच्या फोडणीत घालायची. शुक्रवारची पुढच्या बुधवारी. पावसाळ्यातसुद्धा तिची तर्री कधी बिघडली नाही. "मागचं तोडून नवं लावत नसतात," म्हणायची. वाराच्या दिवशीचा रस्सा मी करायची आणि मी तर सांधू शकत नव्हते, कारण बरणीतली तर्री मासोळीची. माझ्या रश्श्याला माय 'कोरा' म्हणायची. लोक बोटं चाटत जेवायचे आणि ही चुलीपाशी बसून शेजारणीला सांगायची, "आज कोरा आहे वं, सुनेच्या हातचा." लेकी बोले सुने लागे, दुसरं काय.

गिऱ्हाइकांतली काही माणसं अजून डोळ्यांपुढे येतात. टेलिफोन केंद्रातल्या तीन मुली यायच्या. त्या काळी सावजीत बाई जेवायला बसली की संध्याकाळपर्यंत तिच्या घरी बातमी पोचायची. मी आतल्या बाजूला घरचं जुनं लुगडं पडद्यासारखं लावून दिलं. पहिल्या दिवशी तिघी भिंतीकडे तोंड करून जेवल्या. महिन्याभरानं त्यांनीच पडदा बाजूला सारला, म्हणाल्या, वारा लागत नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांना एकेक वडी जास्त वाढली.

एक हेडक्लार्क होते. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं दिवाळी अंक वाचतात. हे गृहस्थ सगळे वार पाळायचे, वर चतुर्थी आणि एकादशी. बुधवारी आणि शुक्रवारी दुकानाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. इतर दिवशी ताटावर बसायच्या आधी रोज विचारायचे, "भांडं वेगळं आहे ना, बाई?" मी रोज कड्याचं सूत दाखवायची. आणि खापरखेड्याच्या वीजघरातला एक फिटर होता, गणपत. त्याची सासुरवाडी प्रताप नगरात, आणि आठवडी सुट्टी नेमकी गुरुवारी. केसांतली राख झटकत यायचा आणि पाटवडी पाहून उसासा टाकायचा. "माह्या सुट्टीच्या दिवशीच तुमचा देव काहून येते, वहिनी?" असं दर गुरुवारी विचारायचा आणि दोन ताटं जेवून जायचा.

दुकान चांगलं रुळलं आणि तेव्हाच लेआउटमधल्या चार घरांनी गुरुजींकडे तक्रार नेली. बुधवारी आणि शुक्रवारी वास येतो. ओट्यासमोर रांग लागते. लेकीसुना त्या रस्त्यानं जातात. आणि मुख्य म्हणजे, ही मासोळीवाली माणसं गुरुवारी शुद्ध जेवण म्हणून काय वाढत असतील कोण जाणे. गुरुजी तापट, पण न्यायाचे. जन्माचे शाकाहारी, गुरुवारी एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचे. त्यांनी आम्हाला ओट्यावर बोलावलं आणि तक्रारवाल्यांच्या समोरच सांगितलं, "मी ऐकीव गोष्टीवर निकाल देत नाही. येत्या गुरुवारी माझं एक वेळचं जेवण इथे. रांगेत उभा राहून, सगळ्यांबरोबर. स्वच्छ वाटलं तर खोली तुमची. नाही वाटलं तर महिनाअखेर खोली सोडायची."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तांडापेठेतलं बिऱ्हाड मोडून आलो होतो, माग मोडीत दिले होते. परत जायला जागाच नव्हती. पण खरं सांगते, मनातून एक हुरूपही चढला. मी यजमानांना म्हटलं, "येऊ द्या. असं जेवू घालते की दर गुरुवारी येतील."

त्या बुधवारी भांडी राखेनं दोनदा घासली. ओटा धुतला. गुरुवारी सकाळी वड्या थापून कापल्या, आणि ताजी कोथिंबीर नि लिंबं आणायला मी स्वतः बाजारात गेले, कारण यजमानांनी आणलेली कोथिंबीर नेहमी झोपलेली असते. रस्सा बाजारातून आल्यावर टाकीन, असा हिशेब. परत आले तर गल्लीच्या तोंडाशीच मसाल्याचा घमघमाट. आत चुलीवर गंज, म्हणजे आमचं मोठं पातेलं, भरून रस्सा रटरटत होता. वर इंचभर तर्री, डाळिंबासारखी लाल. माय शेजारी बसली होती, घामानं चिंब आणि चेहरा असा फुललेला की तिच्या लेकाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"घे, चाखून पाय," ती म्हणाली.

आम्ही रस्सा पळीनं चाखत नाही, थेंब तळहातावर घेऊन चाखतो. मी चाखला. इतका सुरेख रस्सा मी जन्मात केला नव्हता. आणि त्याच घटकेला मला कळलं. ही कालची मरळ. फळीवर पाहिलं तर बरणी रिकामी.

"माय, हे का केलं?"

"का म्हणजे? आज त्या मास्तरवर सगळं घर टांगलं आहे, आन त्याले कोरा रस्सा देऊ? मी सांधली."

"अहो, पण ती मासोळीची तर्री."

"तर्रीत मासोळी कुठं आहे वं? एक काटा काढून दाखव. तेल आहे, तिखट आहे. मागलं सांधल्याशिवाय चव येते का?"

तिला खरोखरच कळत नव्हतं. जन्मभर जुनं टोक नव्याला जोडलेल्या हातांना, आज जोडायचं नाही, हे सुचलंच नव्हतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, तशातली गत. यजमान दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं, गंजाकडे पाहिलं, बाहेर जमू लागलेल्या रांगेकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कोणाले समजन? एवढ्या गंजात वाटीभर तर्री. वाढून टाक."

मन माझंही वळलं, कशाला लपवू. कोणालाच कळलं नसतं. गुरुजींच्या जिभेला मासोळी काय माहीत? उलट एवढ्या चवीवर खोली नक्की मिळाली असती. पण तो माणूस दिवसातून एकदाच जेवणार होता, आणि ते जेवण विश्वासानं आमच्याकडे घेऊन येत होता. माझा हातच पळीकडे जाईना.

मी म्हटलं, "नाही. हा गुरुजींच्या ताटात जायचा नाही."

माय उठून उभी राहिली. "माह्या हातचं फेकून देशील तर उद्यापासून पाट्याले हात लावणार नाही. सांगून ठेवते."

आणि ती बोलली की करायची. मायचा मसाला नाही तर बुधवार-शुक्रवार नाही, बुधवार-शुक्रवार नाही तर दुकान नाही. वाढलं तर गुरुजींना फसवलं, फेकलं तर माय गेली, आणि दोन्ही टाळून उगाच उशीर केला तर खोली गेली. मी एवढंच म्हटलं, "फेकत नाही, माय." आणि पदर खोचून ओट्यावर आले.

रांग फाटकापर्यंत गेली होती. गुरुजी तिसरे की चौथे, धुतलेलं धोतर, हातात स्वतःचा तांब्या. तक्रारवाल्यांपैकी दोघं समोरच्या कुंपणाला टेकून मजा पाहायला उभे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"आज रश्श्यात चूक झाली आहे," मी म्हटलं. "कालच्या मासोळीची तर्री त्यात गेली. वड्या स्वच्छ आहेत, भात स्वच्छ आहे, रस्सा नाही. गुरुवार पाळणाऱ्यांनी थांबावं, मी दुसरा टाकते. चूक माझी."

रांगेत कुजबुज सुरू झाली. मग मागून गणपत फिटरचा आवाज आला, "आन न पाळणाऱ्यांनी का करायचं, वहिनी?"

"त्यांनी आत या."

गणपत रांग सोडून असा सुसाट आला की त्याची चप्पल मागे राहिली. लोक हसले आणि मग रांग दुभंगली. भर दुपारी, भर रस्त्यावर, प्रताप नगरात गुरुवार पाळणारे इकडे आणि न पाळणारे तिकडे. जे बायकोच्या धाकानं पाळत होते ते आधी आभाळाकडे पाहत उभे राहिले, मग हळूच तिकडे सरकले. टेलिफोनवाल्या तिघी मान वर करून आत गेल्या. मध्ये उरले हेडक्लार्क. त्यांनी घड्याळ पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. "साहेब वाट पाहून राहिले," असं कोणालाच उद्देशून न बोलता ते आत शिरले, आणि त्या दिवशी त्यांनी भांडं वेगळं आहे का हे विचारलं नाही.

गुरुजी हसले नव्हते. ते पुढे आले. "चूक तुमची?"

"हो."

तेवढ्यात माय माझ्या मागून बाहेर आली. हातात पळी तशीच. "तिची नाही, गुरुजी. ते बजारात गेली होती. रस्सा म्या टाकला, तर्री म्याच सांधली."

"सांधली म्हणजे?"

मायनं पळी बगलेत धरली आणि दोन्ही हातांच्या चिमटींनी हवेत सूत पिळून दाखवलं. "आम्ही विणणारे, बाप्पा. जुन्या ताण्याले नवा असा जोडत असतो. रश्श्याचंही मी तसंच करते. आज तुम्ही येणार होते, मनलं आज चांगलाच झाला पाहिजे. तुमचा वार मोडन, हे ध्यानातच आलं नाही. ही कोरा करत होती, तेच बरोबर होतं."

कुंपणापाशी उभ्या असलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "पाहा गुरुजी, आम्ही सांगतच होतो." गुरुजींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दुसरा व्हायला किती वेळ लागेल?"

"पाऊण तास," मी म्हटलं.

"मी थांबतो," असं म्हणून ते ओट्यावरच्या बाकावर बसले आणि तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले.

मग जी धांदल उडाली ती काय सांगू. वाराचा मोठा गंज तर बाटलेला. मी डोक्याला हात लावणार, इतक्यात जिन्यावरून काकू खाली आल्या. वरून त्यांनी सगळं ऐकलं होतं. पितळेचं भलंमोठं पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. "हे घ्या, यमुनाबाई. सत्यनारायणाचा शिरा होतो यात," म्हणाल्या आणि विळी ओढून कांदा चिरायला बसल्या. आत न पाळणाऱ्यांची पंगत बसलेली. यजमान भाताची परात घेऊन एकटेच पुढे, रस्सा घेऊन मागे कोण? तर गणपत. जेवता जेवता उठला, हात धुतले आणि वाढायला लागला. "थांबू नको गा, मागं फिरू नको," यजमान त्याला ओरडून सांगत होते.

मी तेल तापवलं आणि मसाला पाहिला. अर्ध्या पातेल्याला पुरेल एवढाच उरला होता. वाटायला बसावं तर फोडणी कोण पाहणार? आणि मागून वरवंट्याचा आवाज आला. माय पाट्यावर बसली होती. माझ्याकडे पाहत नव्हती. खसखस, खोबरं, दगडफूल, लाल मिरची, सगळं तिच्या हाताखाली सरसर फिरत होतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि काकूंच्या कांद्याचं निमित्त आयतंच मिळालं.

पाऊण तासाच्या आतच ताटं मांडली. थांबलेले आठ-दहा जण गुरुजींच्या ओळीत बसले. गुरुजींनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला. कपाळावर घाम. दुसरा घास, नाक लाल. पंच्यानं चेहरा पुसला. आम्ही दाराशी उभे. त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "रस्सा." मी वाढला. पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा काकूच म्हणाल्या, "अहो, पुरे, रात्री पोटात आग पडेल."

हात धुऊन गुरुजी बाकावर बसले आणि मायला बोलावलं. माय डोक्यावरचा पदर सावरत दाराच्या आडच उभी राहिली.

"मघाशी तुम्ही बाहेर आला नसता, तर चूक कोणाची हे मला कळलं असतं का?"

"नाही," माय म्हणाली.

"खोली तुमची. पण आता माझी एक अट आहे. दर गुरुवारी मी इथे जेवीन, आणि त्या दिवशीचा रस्सा तुम्हीच करायचा."

मायनं पदराचं टोक चिमटीत पिळलं. मग म्हणाली, "माह्या हातून वार मोडला, तरी बी?"

"म्हणूनच."

दुकान पुढे कितीतरी वर्षं चाललं. ऐंशी उलटेपर्यंत आम्ही कचेऱ्यांना जेवू घातलं. तक्रारवाल्या घरांतली मुलं मोठी होऊन बुधवारी मासोळी खायला यायला लागली, ओट्याच्या मागच्या बाजूनं. गुरुजी गेले तोपर्यंत त्यांचा गुरुवार सहसा चुकला नाही. मग मिक्सर आले, डबे आले, कचेऱ्यांतच जेवणाची सोय झाली, आणि माय गेल्यावर माझाही जीव रमेना. तिची सांधणी मी शिकले नाही, ना सुताची ना रश्श्याची. बरणी तिच्यामागे एकदाच भरली, ती बिघडली. याची मला हळहळ वाटते आणि वाटत राहील.

पण त्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढचा गुरुवार उजाडला. मी उठून पाहते तर माय माझ्या आधी अंघोळ करून चुलीपाशी बसलेली. काकूंचं पितळी पातेलं घासून समोर ठेवलेलं. जाळ पेटला होता, तेल तापत होतं, आणि ती नुसतीच बसली होती. उभ्या तांडापेठेला मसाला शिकवलेली बाई. जिनं रोज माझ्या रश्श्याला नावं ठेवली ती. मला पाहून सरकली, शेजारचा पाट माझ्यासाठी पुढे केला आणि मान खाली घालून म्हणाली,

"यमुने, कोऱ्यात पहिलं काय टाकत असतेस वं?"